साच्यातलं बोट

शरयू लंगडत घरात आली, पण तिचा चेहरा इतका फुललेला होता की पायाला काही झालंय हे आईच्या लक्षात यायलाही वेळ लागला. सासवडच्या क्रीडा प्रबोधिनीतून ती चार दिवसांच्या सुटीवर कऱ्हाडला आली होती. पिशवी सोप्यात टाकून ती सरळ आधीपासून सुटीवर घरी असलेल्या थोरल्या बहिणीसमोर, कालिंदीसमोर, फरशीवर बसली आणि डाव्या पायातला मोजा हळूहळू ओढून काढला.

"ताई, ओळख बघू. कुणाचं बोट?"

अंगठ्याशेजारच्या बोटावर पांढऱ्या प्लास्टिकची जाळीदार टोपी होती. पातळ, पण घट्ट. आतलं बोट सुजून निळं पडलेलं जाळीतून दिसत होतं. टोपी मात्र बोटाच्या आकाराची नव्हती, बोटच टोपीच्या आकाराचं करून आत बसवलेलं होतं. बुडाशी ते अंगठ्याकडे कललं होतं आणि पुढे खाली वळलं होतं.

कालिंदीनं आपला डावा पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. तोच कल, तोच बाक.

"बरोब्बर!" शरयूनं टाळी वाजवली. "तुझाच साचा आहे. सराव करताना बोट मोडलं माझं. कट्‌ असा आवाज झाला, दुखलं पण फार न्हाई. मोहिते सरांनी तिथल्या तिथं डॉक्टर लाटकरांकडं नेलं आणि त्यांनी हा घातला. जुळलं की डिट्टो तुझ्यासारखं होणार. सगळ्या पोरी जळतायत माझ्यावर."

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "सरळ का नाही बसवलं?" एवढंच तिनं विचारलं.

"सरळ बसवून काय करू?" शरयूला प्रश्नच कळला नाही. "सरळ बोट सगळ्यांनाच असतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं दोघींचे पाय पाहिले आणि पदराचं टोक तोंडाला लावलं. सोप्याच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आप्पा, म्हणजे पोरींचे वडील, वर्तमानपत्रातून डोकं वर काढत म्हणाले, "मला फोन आला होता लाटकरांचा. म्हटलं, पोरीची मर्जी असंल तर करा. चांगलंच हाय की."

म्हणजे आप्पांनाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. जिचं बोट होतं, तेवढी सोडून.

हे सगळं जिथून सुरू झालं तो दोरीचा मल्लखांब. पूर्वी वेत असायचा, आता सुती दोरी असते. उंचावरून लोंबणारी ही दोरी पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची आणि त्या एवढ्याशा चिमटीच्या जोरावर अख्खं शरीर वर न्यायचं, तोलायचं, उलटं करायचं. कालिंदी आणि शरयू, जमदाड्यांच्या या दोन्ही पोरी, मोहिते सरांच्या तालमीत लहानपणापासून हेच करत आल्या होत्या. मल्लखांब जागतिक स्पर्धेत आला, सासवडच्या टेकडीवर प्रबोधिनी उभी राहिली, मोहिते सर तिथले मुख्य प्रशिक्षक झाले आणि आपल्या निवडक पोरींना सोबत घेऊन गेले. पहिलं नाव कालिंदीचं होतं.

आणि त्याच सुमारास 'लाघव' आलं.

दंडाच्या कातडीखाली बसवायची काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक नळी. वर्षाला एक. तिच्यातून थेंबाथेंबानं झिरपणारं द्रव्य मेंदूला सांगतं, पोट भरलंय, आता नको. मधुमेहाच्या रोग्यांसाठी निघालेली ही वस्तू बघता बघता घराघरांत गेली. नवऱ्या मुली लग्नाआधी बसवून घ्यायला लागल्या. मंगल कार्यालयांनी पंगतीतली पानं छोटी केली. मिठाईवाल्यांनी नमुन्याएवढे पेढे काढले. मग दोरीवरच्या पोरींना ते देऊ नये, असं कुणाच्या मनात का यावं? वजन घटलं की दोरीवर शरीर पाखरासारखं हलकं होतं. प्रबोधिनीत सक्ती नव्हती. फक्त लाघव न घेणारी एकही मुलगी संघात नव्हती.

आता यातली मेख अशी की माणसाचं हाड हा काही दगड नव्हे. ते रोज थोडं पाडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. जुनं खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं लिंपणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींचं काम बरोबरीनं चाललं तर हाड भक्कम राहतं. पण पोटात अन्न जाईना की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते काटकसर सुरू करतं. आधी पोरींची पाळी बंद होते. त्यानंतर बांधकामावरचे गवंडी घरी जातात. पाडकाम करणारे मात्र कामावरच राहतात. वरून शरीर सडपातळ, स्नायू पिळदार, त्वचा तुकतुकीत. आतली भिंत मात्र पोखरत जाते. आणि ज्या हाडावर सगळ्यात जास्त भार, ते आधी तडकतं. दोरीच्या मल्लखांबात ते हाड कुठलं, हे सांगायला डॉक्टर नको.

कालिंदीचं बोट दोन वर्षांपूर्वी असंच तडकलं. त्या वेळी साचेबिचे नव्हते. तालमीतला रिवाज होता, बोटाच्या दुखण्याला दुखणं म्हणायचं नाही. गुडघा गेला, खांदा निखळला तर सुटी. बोट मोडलं तर धोतराची चिंधी घेऊन शेजारच्या बोटाला बांधायचं, वर एरंडेल चोळायचं आणि सूज उतरली की दोरीवर. चांगलं खाल्लेल्या पोरीचं हाड त्यातूनही सरळ जुळून यायचं, म्हणून हा रिवाज चालून गेला. लाघववाल्या पोरीचं हाड वेळेत जुळतच नाही. ते कितीतरी दिवस मऊ राहतं, आणि मऊ असताना दोरीनं जसं ओढलं तसं वाकतं. मग एक दिवस ते कडक होतं आणि जसं वाकलंय तसंच कायमचं राहतं.

ते तसं राहिलं आणि चमत्कार झाला. दोरीच्या सुतात आता संवेदक विणलेले असतात. पाय किती घसरला, पकड किती पक्की, हे यंत्र मोजतं आणि गुण देतं. कालिंदीचं वाकडं बोट आकड्यासारखं दोरीत अडकायचं. घसरण जवळजवळ शून्य. ती देशात पहिली आली, मग आशियात. हनुमान जयंतीला धाकट्या पोरी मोठ्या खेळाडूंच्या पाया पडतात, तशा तिच्याही पडायला लागल्या. काही जणी नमस्कार करता करता त्या बोटावरून हळूच बोट फिरवायच्या. कालिंदीला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. डॉ. लाटकरांनी तिच्या पायाची मापं घेतली, तेव्हा तिला वाटलं नवे बूट करून देणार.

बूट तर तिला कुठलेच होत नव्हते. अंगठ्याची चप्पल तर नाहीच. थंडीत ते बोट आतून ठणकायचं आणि त्याच्या मागची तळव्याची हाडंही आता दुखायला लागली होती. यंत्र ते मोजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीनं आप्पांची गाडी काढली आणि सासवड गाठलं. वाटेत काय बोलायचं याची ती जुळवाजुळव करत होती. पण लाटकरांच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि ती सगळं विसरली.

भिंतीवरच्या फळीवर पांढरी बोटं ओळीनं मांडून ठेवली होती. लहान, मध्यम, मोठी. डावी, उजवी. प्रत्येकाचा कल तोच, बाक तोच. तिचंच बोट, वेगवेगळ्या मुलींच्या मापाचं करून ठेवलेलं.

"ये, ये," डॉ. विश्वंभर लाटकर खुर्चीवरून उठले. प्रबोधिनीच्या क्रीडाविज्ञान विभागाचे हे प्रमुख. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, हीच त्यांची ख्याती. "लिस्बनच्या जागतिक स्पर्धेची तयारी कशी चाललीय?"

"हे काय आहे?"

"मार्गदर्शित जुळणी म्हणतो आम्ही. तुझ्याचमुळे सुचलं हे. तुझ्या बोटाचा कोन यंत्राला दिला, पकडीचे आकडे दिले, आणि त्यानं सांगितलं की हाच आदर्श कोन. यापेक्षा थोडा कमी नको, जास्त नको."

"तुम्ही पोरींची बोटं मोडताय?"

"छे!" लाटकरांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आम्ही कुणाचंही बोट मोडत नाही. ती मोडतातच. लाघववर असलेल्या मुलीचं हे हाड आज ना उद्या तडकणार, हे आमच्या आकडेवारीतून स्पष्ट आहे. मोडलेलं हाड कसं जुळावं एवढंच आम्ही ठरवतो. आता तूच सांग, झालेलं फ्रॅक्चर वाया का घालवायचं?"

फ्रॅक्चर वाया घालवायचं. कालिंदीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं की या माणसानं हे वाक्य पूर्वीही कुणाकुणाला ऐकवलं आहे आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आहेत.

"हाडं तडकतायत हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली, "आणि तरीही लाघव चालू ठेवलंत."

"लाघव सगळं जग घेतं. ते बंद केलं तर आपण मागे पडू. त्यात सक्तीही नाही."

मोहिते सर दारात येऊन उभे होते. सात वर्षांच्या कालिंदीला पहिल्यांदा दोरीवर चढवताना ज्यांनी खाली हात धरला होता, ते हे सर. केस आता पिकले होते. "बाळ," ते म्हणाले, "तू चिडू नकोस. तुझं बोट बांधलं तेव्हा मला तरी कुठं कळत होतं? देवानं दिलं म्हणायचं. आता आपल्याला कळलंय, मग बाकीच्या पोरींना का न द्यावं?"

"सर, शरयूचे काही रिपोर्ट काढलेत? फक्त बोटाचे नाही, बाकीच्या हाडांचे?"

मोहिते सरांनी लाटकरांकडे पाहिलं. लाटकर म्हणाले, "त्याची गरज वाटली नाही."

कालिंदीनं फळीवरचा एक साचा उचलला, जमिनीवर टाकला आणि टाचेखाली चिरडला. मग दुसरा. तिसऱ्याला हात घातला तेव्हा लाटकर शांतपणे म्हणाले, "यंत्र संध्याकाळपर्यंत नवे करून देईल. तू उगाच पाय दुखवून घेशील. लिस्बन जवळ आलंय."

त्या क्षणी तिला जो संताप आला तो तिनं आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. हरल्यावर येतो तो राग वेगळा, त्याला उद्या असतो. हा राग आपल्या पायात दुसऱ्याचा हात सापडल्याचा होता. ती तिथून निघाली ती मोहिते सरांच्या पाया न पडता. सर आशीर्वादाला उचललेला हात तसाच धरून उभे राहिले.

घरी आल्यावर तिनं शरयूला गाडीत बसवलं, जवळजवळ ओढतच. कृष्णेच्या पुलापलीकडे डॉ. नसीम मुजावर यांचा हाडांचा दवाखाना होता. आईच्या मनगटाचं प्लास्टर त्यांनीच घातलं होतं. बोलायला तिखट बाई, पण हात हलका.

मुजावर बाईंनी दोघींचंही स्कॅन केलं, नुसत्या पायांचं नव्हे, कंबरेचं आणि मणक्याचंही. मग पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं हाड. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. आणि हे हिचं." बोट शरयूकडे होतं. "यातलं बरं कुठलं, ते तुम्हीच बघा."

दोन्हींत जाळी होती. सासूबाईंची जरा दाट होती.

शरयू पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काय त्रास होत न्हाई पण."

"होत नाही कारण अजून पडली नाहीस. आज बोट गेलं, उद्या दोरीवरून हात सुटला तर खुबा जाईल, आणि तो कुठल्या साच्यात घालतील ते त्यांना विचारून ठेव." बाईंनी टोपीवर टिचकी मारली. "हे हाड अजून कच्चं आहे. ओल्या मातीसारखं. आत्ता सुन्न करून मी हातानं सरळ करू शकते. ही नळी दंडातून काढायची, नीट खायचं, म्हणजे जुळेलही सरळ. आठवडा गेला तर कडक होईल. मग कापून पुन्हा बसवावं लागेल."

"मग ताईचं कापा की," शरयू फटकन म्हणाली.

"हिचं आत्ता कापलं तर जुळायचंच नाही. जुळायला आत काहीतरी शिल्लक लागतं. आधी वर्षभर हाडं भरू देत."

"बघ!" शरयू बहिणीकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं. "तुझं काही करायचं न्हाई. तू त्याच बोटानं लिस्बनला जाणार, सोनं आणणार, चौकात तुझे बॅनर लागणार. आणि मला सांगतीस, सरळ कर. मला कुणी फसवलं न्हाई ताई. मला विचारलं, मी हो म्हटलं. मी एकोणीस वर्षांची आहे. जन्मभर कालिंदीची बहीण म्हणून मिरवायचं व्हय मी?"

"मी कुठं म्हटलं तसं?"

"म्हणायला कशाला लागतंय? तू उतर की आधी दोरीवरनं. तू ही नळी काढ दंडातली. मग मी पाय देते. काढतीस? काढ!"

हे ती अशा खात्रीनं म्हणाली की मुजावर बाईंनीही मान खाली घातली. नळी काढली की काही आठवड्यांत भूक परतणार, वजन वाढणार. लिस्बनचा संघ ठरवताना वजनकाट्याला पहिला मान होता. नळी काढायची म्हणजे कालिंदीनं दोरी सोडायची, आणि दोरीशिवाय ती कोण, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सातव्या वर्षापासून ती दुसरं काहीच नव्हती.

कालिंदीनं कुर्त्याची बाही वर केली.

"काढा, डॉक्टर."

"नीट विचार कर. परत बसवता येते, पण मधल्या काळात—"

"परत बसवायची नाही. काढा."

दंडाला बारीक चीर दिली गेली. ती काडी चिमट्यातून बाहेर आली तेव्हा इतकी क्षुल्लक दिसत होती की कालिंदीला हसूच आलं, कडवट. एवढ्याशा काडीनं इतक्या वर्षांची भूक दाबून ठेवली होती. बाईंनी ती ट्रेमध्ये टाकली.

शरयूचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं शब्द टाकला होता तो बहीण उचलणार नाही म्हणूनच. आता मागे फिरायला वाट नव्हती. जमदाड्यांच्या घरात दिलेला शब्द फिरवायची सोय नाही, एवढं मात्र आप्पांनी दोघींना लहानपणीच शिकवून ठेवलं होतं.

"घ्या," तिनं पाय टेबलावर आपटला. "ओढा. पण हिच्याशी मी परत बोलणार न्हाई. कधीच न्हाई."

टोपी कापून काढली. सुन्न केलं तरी बोट सरळ होताना शरयूनं कालिंदीचं मनगट असं आवळलं की नखं रुतली. कालिंदीनं हात हलवला नाही. तो हात धरून ठेवायचा आहे, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं. नंतर बाईंनी दोन बोटांमध्ये कापूस घालून पट्टी बांधली, या वेळी सरळ, आणि शरयूच्याही दंडातली नळी काढली.

शरयूनं शब्द पाळला. दोन्ही शब्द पाळले. ती खरंच बोलली नाही.

कालिंदीनं प्रबोधिनीला कळवलं की आपण येत नाही. आप्पांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. पोरींनी पायावर धोंडा पाडून घेतला, लोकांना काय तोंड दाखवू, असं काय काय. मग स्वतःच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागले. मोहिते सरांचा एक फोन आला. "बाळ, तू गेलीस तरी पकड आपल्याकडं राहिलीय," ते म्हणाले. कालिंदीला ते सांत्वन वाटलं. त्याचा अर्थ तिला पुढे कळला.

भूक परत आली ती हळूहळू नाही, धाडकन. एका दुपारी आईनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि त्या वासानं कालिंदीच्या पोटात असा खड्डा पडला की तिनं जवळजवळ झडप घातली. भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. ती खातच राहिली. समोर शरयूही खात होती, बहिणीकडे न बघता, गाल फुगवून. आई भाकऱ्या थापत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वर्षानुवर्षं तिच्या हातचं अन्न या घरात तसंच परत जात होतं, आणि कधी कुणी तिला विचारलं नव्हतं की तुला कसं वाटतं.

पण दोघी बहिणी एका ताटलीच्या अंतरावर बसून मुक्याच राहायच्या. शरयूला मीठ हवं असलं तर ती आईला सांगायची, मीठ कालिंदीच्या हातापाशी असलं तरी. कालिंदीला कधी वाटायचं, काय मिळवलं मी? बोट सरळ झालं आणि बहीण वाकडी जुळली.

लिस्बनची स्पर्धा आली. कालिंदीला बघायची नव्हती, पण आप्पांनी भिंतीवरचा पडदा लावला आणि शेजारची दोन-चार माणसंही येऊन बसली. शरयू भिंतीला टेकून पाय पसरून बसली. तिचं बोट जुळलं होतं, बऱ्यापैकी सरळ.

भारताकडून रोशनी पाडवी उतरली. नंदुरबारची मुलगी, प्रबोधिनीत शरयूच्याच खोलीत राहणारी. दोरीला कपाळ लावून तिनं सलामी दिली आणि सरसर वर गेली. सुंदर चढली. उलटी झाली तेव्हा कॅमेरा तिच्या पायापाशी गेला आणि बोटांची चिमटी पडदाभर दिसली.

तेच बोट. बुडाशी कललेलं, पुढे वळलेलं. नखाचा आकार वेगळा, कातडीचा रंग वेगळा, पण हाड कालिंदीचं. कालिंदीनं नकळत आपला पाय ओढून साडीच्या काठाखाली घेतला, कुणी चोरी पकडावी तसा. खरं तर चोरी तिचीच झाली होती.

"पाहा ही पकड!" समालोचक ओरडत होता. "घसरण शून्य! हीच ती जगप्रसिद्ध होऊ घातलेली 'कालिंदी पकड'. सासवडच्या प्रबोधिनीत आता प्रत्येक मुलीला ही पकड दिली जाणार आहे!"

"नाव तर दिलं!" आप्पा खुर्चीतून उठले. "बघितलंस का? नाव दिलं तुझं!" शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कालिंदीच्या पाठीवर थाप मारली.

कालिंदीनं ती थाप झटकली. आपलं बोट नेलं ते नेलं, आता नावही त्याच टोपीत कोंबून ते पोरीपोरींच्या पायात घालत होते. आपण दोरी सोडली म्हणजे सुटलो, असं तिला वाटलं होतं. तिच्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. साचा असला की माणूस कशाला लागतो?

पडद्यावर रोशनी खाली उतरली आणि उतरताना डाव्या पायावर पूर्ण भार न देता उभी राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीला टेकलेल्या शरयूच्या आलं.

"तिचा खुबा दुखतोय," शरयू म्हणाली.

ती हे कालिंदीला म्हणाली होती. तिच्याकडे बघून. इतक्या दिवसांनी.

"जायच्या आधीपासनं दुखतोय. ग्रुपवर लिहिलं होतं तिनं, सरांना सांगू नका म्हणून." शरयूचा आवाज चढत गेला. "आणि प्रबोधिनीत आणखी पोरींच्या पायात टोप्या आहेत ताई. दोघींना तर परवाच घातल्यात. एक तासगावची, एक वडूजची. सुटीवर घरी आल्यात त्या, मी आले होते तशीच. नाचत. त्यांचं हाड अजून कच्चं असंल."

"घरं माहितायत तुला?"

"माहितायत की."

कालिंदी उठली. शरयूही उठली. मुजावर बाईंना फोन लावत दोघी दाराकडे निघाल्या आणि कालिंदी एवढंच म्हणाली, "त्या ऐकणार नाहीत. तू तरी कुठं ऐकलं होतंस."

"त्या न्हाई ऐकणार," आई म्हणाली. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, हात पदराला पुसत. "पोरींशी तुम्ही बोला. त्यांच्या आयांशी मी बोलते. एवढी वर्षं पोरगी जेवत न्हाई हे त्यांनी बघितलं असंल की नसंल? मी बघितलं होतं. गप बसले. त्यांना गप बसू देत न्हाई."

तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून कालिंदीच्या हातात दिली आणि चपला घातल्या.

"अगं, कुठं निघाला तिघी?" आप्पा पडद्यासमोरून वळले. "पदक द्यायचंय अजून. राष्ट्रगीत व्हायचंय."

"तुम्ही बघा," आई म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.